जांभळी पट्टी

प्रिय नूला,

बोस्टनहून फोन करून तू विचारलंस, डॅडी शांतपणे गेले का. मी हो म्हणालो. ते खोटं होतं.

पाद्री झाल्यावर पहिलं पापनिवेदन ऐकताना माझ्या गळ्यात जी जांभळी पट्टी होती, ती रिवाजाप्रमाणे मी डॅडींना दिली होती. बापाला पुरताना ती त्याच्या हातात ठेवायची असते. पुढे पाद्रीपण सोडून मी बॅलिनाची बस चालवायला लागलो, आणि नऊ वर्षं त्यांनी मला उंबरा ओलांडू दिला नाही. मला वाटलं, पट्टी चुलीत गेली असेल.

मंगळवारी, अंथरुणाला खिळल्यावर, त्यांनी मला बोलावून घेतलं आणि ती उशीखालून काढली. "घाल गळ्यात. ऐक माझं."

"मला आता तो अधिकार नाही," मी म्हणालो. "फादर टायर्ननना बोलावतो."

"ते येईस्तोवर मी राहतोय होय?"

माणूस मरणाच्या दारात असेल, तर पाद्रीपण सोडलेल्यालाही त्याचं पापनिवेदन ऐकता येतं. हा नियम मी सेमिनरीत, पाद्री होऊ घातलेल्या पोरांना, शिकवलाय. तरी पट्टीला हात न लावता फादरना फोन लावला. मला नऊ वर्षं दारात उभं केलं, थोडं त्यांनाही थांबू दे, असं वाटलं.

"जा मग," ते म्हणाले. "तुझी माणसं स्टॉपवर खोळंबली असतील."

फादर एकटे पाच गावं सांभाळतात. ते पोचले तेव्हा मी डॅडींचे डोळे मिटवले होते.

पट्टी मीच त्यांच्या हातांना गुंडाळली. शेजारची ब्रीज म्हणाली, "नशीबवान बाप."

हे पत्र मी टाकणार नाही. तू पुन्हा विचारशील, तेव्हाही हो म्हणेन.

तुझा भाऊ,
कॉल्म