अकरा बाण परत घेण्याबाबत

मी, शेवंती दत्ताराम मेस्त्री, वय तेवीस, राहणार वरचीवाडी, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, धंदा बाण करणे, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मजकूर विचार करून लिहिला आहे. कोणाची जबरदस्ती नाही. उद्या सोमवारी सकाळी देवळासमोर मी, वाडीच्या पारधीत बाण मारणाऱ्या गुरुदासचे जड धनुष्य माझाच बाण लावून ओढणार आहे. त्यात माझे बरेवाईट झाले तर पुढीलप्रमाणे करावे.

१. सर्वांत आधी बाण. गेल्या दसऱ्याला मी रानडुकरांच्या पारधीसाठी बारा बाण दिले. पिसांखाली दोन लाल दोरे आहेत ते माझे. एक बुधवारी मोडला. अकरा वाडीतल्या घरांत आहेत. शिमग्याच्या पारधीआधी ते परत घेऊन जाळावेत. नुसते मोडू नयेत. कोणीतरी सरस लावून जोडील. बाकीची कलमे राहिली तरी चालेल, हे राहू नये.

२. कारण लिहिणे भाग आहे. वडिलांनी मला घरातच शिकवले, शाळा नंतर. किंदळाचे लाकूड करवतीने कापायचे नाही, फाळायचे, म्हणजे रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. रंधून झालेली काठी दोन खुंट्यांवर आडवी ठेवून मध्ये लोखंडी वजन टांगायचे. जवाच्या दाण्याहून जास्त वाकली तर ती चुलीत. अशी मऊ काठी जड धनुष्यातून सुटतानाच मोडते आणि तुकडा धनुष्य धरलेल्या हातात शिरतो. त्या वजनाला वडील 'शेर' म्हणत. मीही म्हणत आले.

ते वारल्यानंतर जुनी वजने जमा करण्याची दवंडी झाली. ती दुकानदारांसाठी होती. तरी मी तो शेर नेऊन दिला, कारण घरात बेकायदा वस्तू नको. मग तक्त्यात पाहिले: एक शेर म्हणजे नऊशे तेहतीस ग्रॅम. बाजारात तेवढी वाळू तोलून पिशवी शिवली. पिशवी हाताला हलकी लागली. मी हाताला खोटे ठरवले आणि तक्त्याला खरे.

बुधवारी गुरुदासने सरावाला बाण सोडला. आवाज वेगळा आला. त्याने डाव्या हाताकडे पाहिले आणि मला विचारले, "गो शेवंती, ह्या खंयचा लाकूड?" अंगठ्याच्या मुळातून शिरून पलीकडे निघालेली ढलपी माझ्या बाणाची आहे हे त्याला अजून समजले नव्हते. मला समजले होते. मी जागची हलले नाही, ही गोष्टही लिहून ठेवते.

घरी आईला सांगितले. ती म्हणाली, "तुझ्या बापाशीचो शेर खंय शेर होतो गो? लोहाराकडसून दीड शेराचो घडवून हाडलेलो. शेर ह्या त्येचा नाव. आमच्या शेळयेचा नाव राणी होता, म्हणान ती काय राजवाड्यात रवली?" सांगताना ती हसली. म्हणजे माझ्या हलक्या पिशवीखाली मऊ काठ्याही कमी वाकल्या आणि त्यांचे बाण झाले.

३. बाबली गावकर यांच्याविषयी. मी घरोघर बाण मागायला गेले. ते देवळाचे मानकरी. त्यांच्याकडे दोन आहेत. म्हणाले, "देवाक दाखवलेलो बाण करणाऱ्याच्या घरात परत जाणा नाय." मी दीड शेराचे सांगितले. "वजना माका शिकवू नको. गुरुदासान वाकडो ओढल्यान. मोडता म्हणतंस, मगे देवळासमोर तूच ओढून दाखव. मोडलो तर सगळे देतलंव." सगळी वाडी उभी होती. मी हो म्हटले. त्यांच्यावर माझा राग आहे, तो माझ्या मरणाने फिटला असे समजू नये. मात्र मला काही झाल्यास दोष त्यांना देऊ नये. वजन मी चुकवले.

मनगटाला व अंगठ्याला चामडे बांधणार आहे. मी मरायला निघाले असे कोणी म्हणू नये.

४. रंधा, पटाशी, कानस, खोबणीची फळी व पिसांचा डबा चुलत बहीण सुगंधा हिला. वाळूची पिशवी तिला देऊ नये, रिकामी करावी. नवे वजन तेराशे नव्व्याण्णव ग्रॅम व वर अर्धा. पण हा आकडाही आईच्या आठवणीवर आहे. आधी वडिलांच्या हातच्या जुन्या बाणाला ते वजन टांगून पडताळावा.

५. घरातला माझा हिस्सा व पोस्टाचे पुस्तक आईला. निळे पातळ सुगंधाला, पदराला डाग आहे हे सांगून.

६. गुरुदासला काय द्यावे ते मला कळले नाही. त्याचा अंगठा वळत नाही. तो म्हणतो, "तुझो काय दोष नाय गो," ते मला ऐकवत नाही. येथे चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. तो मागेल ते आईने लिहावे.

सुगंधाला वाटा आहे म्हणून तिची साक्ष घेतली नाही. ज्यांच्याविरुद्ध लिहिले त्यांनी वाचलेले असावे म्हणून दुसरी साक्ष त्यांचीच घेतली.

लिहून देणार: शेवंती दत्ताराम मेस्त्री
साक्षीदार: १. हरिश्चंद्र परब, शाळामास्तर
२. बाबली गावकर
वरचीवाडी, ता. ३ मार्च १९६३

सह्यांनंतरची भर: बाबलीकाकांनी दुसरे कलम दोनदा वाचले. सही करून आत गेले आणि आपले दोन बाण आणून माझ्यापुढे ठेवले. "माझे घे. दुसऱ्यांका मी सांगूचंय नाय. गावासमोर बोललंय." तरी पहिल्या कलमात अकरा आहे तेथे नऊ वाचावे. उद्याचे ठरलेले कायम आहे. ओढायला या दोहोंतला एक घेते.

शे. द. मेस्त्री