नवसाचा बोकड आणि पन्नास किलोमीटर

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार. पहाटे ४.१०

शेळ्यांच्या गोठ्यात बसून नव्या शूजच्या नाड्या बांधत होतो. इथे बसण्याचे कारण एवढेच की घरात दिवा लावला की माय उठते. लपण्याचा प्रश्न नाही.

आजपासून ट्रेनिंग. १४ डिसेंबरला अल्ट्रामॅरेथॉन. हिंगोलीहून आमच्या गावाजवळचा कनेरगाव नाका आणि परत, पन्नास किलोमीटर. आयुष्यातली पहिलीच. पोलीस भरतीत सोळाशे मीटरला मी दोनदा बाद झालो, त्याचा खरा अर्थ शिवप्रसादने लावला (मित्र, मोबाइलचे दुकान). म्हणाला, "तू लांब पल्ल्याचा माणूस हायेस. सोळाशेत तुझं इंजिनच गरम होत न्हाई." पटले. फॉर्मही त्यानेच भरला.

पैशांबद्दल एकदाच लिहितो, म्हणजे डोक्यातून जाईल. मी पोलिसात लागलो तर म्हसोबाला बोकड, असा मायचा नवस. त्यासाठी एक तांबडा बोकड कान चिरून सोडलेला होता. मी लागलो नाही. म्हणजे अट पूर्ण नाही, म्हणजे देवाचे देणे नाही, म्हणजे बोकड रिकामा. शुक्रवारी तो वाशीमकडच्या बाजारात विकला, कारण आमच्या भागात देवाचा बोकड कोणी घेत नाही. व्यापाऱ्याने कान बघून विचारले, देवाचा असला तर सांग, पाप माझ्या माथी नको. मी म्हणालो, तारेत फाटला. त्याने पाचशे कमी केले.

घरी 'हरवला' असे सांगितले. समजावून सांगण्यात वेळ गेला असता.

१३ ऑक्टोबर

धावलो नाही. शूज पायाला बसायला एक दिवस द्यावा. माय दिवसभर बोकड हुडकत होती. बा चहा पिताना म्हणाले, "बोकड हरवला अन् त्याच दिवशी तुला बूट सापडले." मी म्हणालो, शिवप्रसादने दिले. म्हणाले, "बराबर हाये."

त्या 'बराबर'चा विचार करत उशिरापर्यंत जागा. झोप पूर्ण झाली पाहिजे. उद्यापासून.

१६ ऑक्टोबर

मायने चपला काढून ठेवल्या. बोकड सापडेपर्यंत अनवाणी. देवाची वस्तू आपल्या दारातून गेली, त्याची तकलीफ कुणीतरी घ्यावी लागते, असे तिचे म्हणणे. रानात सगळीकडे सोयाबीनची धसकटे. मी म्हणालो, माय, काहून असं करतीस? म्हणाली, "तुझ्यासाठीच की रे लेकरा. तुझी भरती नुसती अडली व्हती, आता तर खुंटली."

आज धावायला निघालो होतो. अंगणातून परत आलो. उद्या दुप्पट धावायचे.

२ नोव्हेंबर

लोकांनी आपापले ठरवून टाकले आहे की मी पहाटे बोकड शोधायला पळतो. मी तसे म्हणालो नाही. तसे नाही, असेही म्हणालो नाही. नाक्यावरच्या ढाब्याचे भावसिंगकाका रोज अडवतात. "थांब रे. पोटात काही टाकून पळ. मायीसाठी असं पळणारं पोरगं हुडकून सापडायचं न्हाई." मग पोहे, वर चहा. पैसे घेत नाहीत. त्यांच्या आग्रहाला नाही म्हणणे बरे दिसत नाही. आजही पोह्यांपर्यंतच पोचलो. तिथून दुधाच्या गाडीवर परत.

कार्बोहायड्रेट लागतातच.

९ नोव्हेंबर

मायच्या टाचा फाटल्या आहेत. डाव्या टाचेतून रक्त येत होते, तिने त्यात हळद भरली. बघवले नाही. निर्णय घेतला. तिचे चालणे कमी व्हावे म्हणून सांगितले की बोकड ओढ्यापलीकडे दिसला. ओढा अगदी जवळ आहे. जाईल आणि परत येईल.

खोटे वाईटच. पण हे तिच्या पायांसाठी होते.

१२ नोव्हेंबर

मी सांगितल्यापासून बोकड सगळ्यांना दिसू लागला आहे. शेजारच्या गोजरबाईला तुरीत दिसला. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली म्हणे. तिची मेथी त्यानेच दोनदा साफ केली होती, तेव्हा ओळख पटायला हरकत नाही. एका ट्रकवाल्याला तो पैनगंगेच्या काठाला दिसला. माय प्रत्येक ठिकाणी जाऊन येते. आधी गावाभोवती फिरायची, आता तालुका फिरते.

आज धावताना मीही तुरीत डोकावून आलो. नाही दिसला.

३० नोव्हेंबर

प्लॅनप्रमाणे आज पस्तीस किलोमीटर होते. अकरा झाले. शिवप्रसाद म्हणाला, शर्यत जवळ आली की धावणे कमी करायचे असते. ते मी सुरुवातीपासूनच करत आलो आहे.

जेवण झाल्यावर मायने माझ्या पोटऱ्यांना तेल लावले. बांना म्हणत होती, "पोरगं माझ्यापायी पळून राहिलंय." बा म्हणाले, "व्हय. तुझ्याच पायी." आणि तिच्या टाचांकडे बघत बसले.

तेव्हाच सांगणार होतो. पण शर्यतीआधी मनावर ताण नको. शर्यत झाली की त्याच दिवशी सांगायचे. हे लिहून ठेवतो म्हणजे बंधन राहील.

१३ डिसेंबर

घरी सांगितले की हिंगोलीला भरतीचा फॉर्म भरायला जातो. शिवप्रसादकडे मुक्काम. नाक्यावर ओळखीचे लोक भेटतील, म्हणून टोपी डोळ्यांवर ओढायची. माय नाक्यावर नसेल, कारण बोकड सध्या पैनगंगेकडे आहे.

म्हणजे, लोकांच्या मते.

निघताना बा म्हणाले, "पळ. बोकड पुढंच असल."

१४ डिसेंबर, संध्याकाळ

पहिले दहा किलोमीटर उत्तम. पुण्याच्या एका डॉक्टरांना मागे टाकले. सोळाव्यानंतर पोटऱ्यांत गोळे आले. डॉक्टर पुढे गेले. मग एक आजोबा पुढे गेले. मी चालू लागलो. चालणे हाही अल्ट्राचा भाग असतो.

नाक्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला माय उभी होती. अनवाणी. काल कुणा ड्रायव्हरला बोकड नाक्यावर दिसला, असे भावसिंगकाकांनी तिला कळवले होते. येणाऱ्या प्रत्येक धावपटूला ती विचारत होती, "तांबडा हाये, डावा कान चिरलेला. दिसला का व्हो?" नाक्यावरून परत फिरलेले पुण्याचे डॉक्टर कानातले हेडफोन काढून ऐकत होते.

मी टोपी आणखी ओढली. ती म्हणाली, "लंगडी शेळी मला मैलावरून कळती. तू काय तोंड झाकून राहिलास?"

मग म्हणाली, "एवढ्या समद्यांचं काय हरवलंय रे?"

तिने मला मैलाच्या दगडाला टेकवून बसवले, बूट काढला, पाय मांडीवर घेऊन पोटरी चोळू लागली. बूट हातात घेऊन म्हणाली, "हलकाय." तिची टाच माझ्यासमोर होती. भेगांत डांबरी रस्त्याची माती बसली होती.

पन्नास पूर्ण झाल्यावर सांगायचे ठरले होते. तेविसाव्यालाच सांगितले. माय, बोकड मी विकला.

चोळणारा हात थांबला.

"कितीला?"

साडेअकरा हजार म्हणालो.

तिने पाय सोडून दिला. "साडेअकरा? अठराच्या खाली मी कुणाला त्याच्याकडं बघू दिलं नसतं! गंडवलं की रे तुला, बैलोबा! पोलिसात घेतलं न्हाई तेच बरं झालं. चोरानं तुलाच बाजारात उभा केला असता!"

पाणी वाटणारे दोन स्वयंसेवक पळत आले. त्यांना वाटले मला चक्कर आली. एकाने विचारले, पुढे धावणार का? मी मायकडे बघितले. ती डोळे पुसून उठत होती. त्याने माझा नंबर लिहून घेतला आणि पुढे 'बाद' असे लिहिले. तिसऱ्यांदा.

घराकडे ती पुढे, मी मागे. मी म्हणालो, माय, आता तरी चपला घाल. ती न थांबता म्हणाली, "बोकड आला का दारात? तू आणून बांधशील तवा घालीन."

बा अंगणात होते. तिच्या पायांवर ओतायला पाणी गरम करून ठेवले होते.

दुसरा बोकड घ्यायला बाजाराला माझ्याबरोबर माय येणार आहे. भाव ठरवायचे काम माझे नाही, असे तिने स्पष्ट सांगितले.

हिशोब.

आले: बोकडाचे ११,५००.

गेले: बोकड नेण्याचा टेम्पो ५००, प्रवेश फी २,५००, शूज ६,५००, मोजे आणि टोपी ७००, एनर्जी जेल ९००. हातात ४००.

शूज शिवप्रसाद दोन हजाराला घेतो म्हणतो. विकायचे.

देणे: भावसिंगकाकांचे पोहे. किती दिवस खाल्ले ते लिहून ठेवले नव्हते.

देणे: तांबडा बोकड, एक. मायच्या म्हणण्याप्रमाणे अठरा हजार. मी घासाघीस केली नाही.