मडक्यावरची गाठ

बाबा, गेल्या महिन्यात घरात दोन नवे साप आले. आधीचे तीन होते, आता पाच झाले. तुम्ही असता तर आधी पोट धरून हसला असता आणि मग आईला हाक मारून म्हणाला असता, "पाह्य वं, आपन लोकायच्या घरातून साप बाहेर काढाले जिंदगी घालवली, अन् हे पोरगी घरात आनून ठेवून राह्यली." नागपूरच्या एका माणसाची बदली झाली, त्याने दिले. हे आपल्याकडचे साप नव्हेत. परदेशी जातीचे, बिनविषारी, सरकारदरबारी रीतसर नोंद केलेले. आपल्या धानाच्या बांधीतला साप घरात ठेवला तर आता गुन्हा होतो. मी चंद्रपुरात कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, एकटी राहते, आणि संध्याकाळी घरी आले की पाच वाट्यांतलं पाणी बदलते. लोक विचारतात, भीती नाही वाटत? नाही वाटत. खरं तर मला बरंच काही वाटत नाही, आणि ते सापांपुरतंच नाही. तुम्ही गेलात तेव्हाही मी आलेल्यांना चहा करून देत होते.

नवा साप आला की त्याला लगेच जुन्यांच्या खोलीत ठेवायचं नसतं. अंगावर बारीक किडे असले तर सगळ्यांना लागतात, म्हणून खोली वेगळी, वाटी वेगळी, चिमटा वेगळा. पेटीत अंग चोरून बसायला एखादा आडोसा हवा. एवढं केलं की सगळ्यात अवघड काम उरतं, ते म्हणजे काहीच न करणं. पेटीवर कापड टाकायचं आणि आठवडाभर तिकडे बघायचं नाही, मग खायला द्यायचं. दोघांतल्या नारिंगी सापाने आठव्या दिवशी निमूटपणे उंदीर गिळला. दुसरी मादी आहे, अजगराच्या कुळातली, पण जेमतेम हातभर. आली तेव्हाच बारीक होती. तिने चार आठवडे काही खाल्लेलं नाही. पाठीच्या कण्याची धार वर आलीय.

हे न बघण्याचं तुमच्याकडूनच ऐकलेलं. नागभीडजवळच्या त्या राईस मिलमध्ये तुम्ही पोत्यांची तोंडं शिवायचात. सुतळीला तीन वेढे, एक हिसका, आणि गाठ अशी बसायची की पोतं ट्रकवरून आपटलं तरी तांदळाचा दाणा बाहेर येत नसे. मिलचे लोक पोतं बघूनच ओळखायचे की हे तुमच्या हातचं. आणि कुणाच्या घरात साप निघाला की तीच सुतळी खिशात टाकून तुम्ही निघायचात. पकडलेला साप काळ्या मडक्यात, तोंडावर जुन्या धोतराचं ओलं फडकं, वर तीच गाठ. रविवारी मिल बंद असली की सायकलला मडकं बांधून जंगलात सोडून यायचात. तोवर ते आमच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठाशेजारी, कारण तिथली भुई गार असे. आई भाकरी थापायची आणि दोन हात अंतरावर मडक्यात नाग बसलेला असायचा. तिला तुमच्या गाठीवर विश्वास होता. मी मडक्याशी घुटमळले की तुम्ही म्हणायचात, "त्याले पाहू नको व माय. तो आधीच भेलाय. अंधारात राह्यला का जीव ठिकाण्यावर येते त्याचा."

मला हे सगळं पाठ आहे, तरी मी रोज कापड उचलत होते. कॉलेजला निघताना एकदा आणि आल्यावर एकदा, फक्त कोपरा. गेल्या आठवड्यात गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. इथे साप बघणारे तेवढेच एक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही रोज उघडून त पाहून नाई राह्यल्या ना?" मी म्हटलं, "नाही." इतक्या चटकन म्हटलं की फोन ठेवल्यावर तशीच उभी राहिले. ते "नाही" माझ्या ओळखीचं होतं.

मी नऊ वर्षांची होते. धान रोवण्याचे दिवस, आई बांधीत, तुम्ही मिलवर. मडक्यात शेजारच्या कोठीतून गुरुवारी पकडलेला नाग होता आणि शाळेला सुट्टी होती. मी गाठ सोडते आहे. किती वेळ लागला ते आठवत नाही, नखं दुखलेली आठवतात. फडकं उचललं तर आत तो गुंडाळून पडलेला, फणा नाही, फुसकारा नाही, नुसता बघत होता. मी फडकं परत घातलं आणि सुतळी वेणीच्या रिबिनीसारखी बांधली, कारण मला तेवढीच गाठ येत होती. संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा फडकं भुईवर होतं आणि मडकं रिकामं.

तुम्ही घरातली एकेक वस्तू अंगणात काढलीत. पेटी, गोधड्या, पाटा, तांदळाचे डबे, सगळं. नाग सापडला नाही. आई आम्हां पोरांना घेऊन आठ दिवस शेजारच्यांच्या ओसरीत राहिली. तिने मला विचारलं होतं, "तू हात लावला का व मडक्याले?" मी म्हटलं, "नाई." तुम्ही सुतळी हातात घेऊन उंबऱ्यात बसला होतात. रागावला नाहीत. आईला एवढंच म्हणालात, "माही गाठ सुटली."

त्यानंतर कुणी बोलवायला आलं की तुम्ही म्हणायचात, "आता हात चालत नाई भाऊ, दुसऱ्याले पाहा." दुसरं कुणी नव्हतंच. विहिरीजवळ लोकांनी धामण काठ्यांनी मारली, तेव्हा तुम्ही बाजूला उभे होतात. मी तुमचा सदरा धरला होता. तुम्ही शेवटपर्यंत बघितलंत आणि घरी येऊन जेवला नाहीत.

पुष्कळ वर्षं मी मनाची समजूत घालत आले की तुम्हांला कळलं होतं आणि माझं नाव येऊ नये म्हणून तुम्ही आपल्यावर घेतलंत. असं मानलं की बरं वाटायचं. पण मिलमध्ये डबा घेऊन यायचे तेव्हा मी बघत होते. त्या पावसाळ्यापासून तुम्ही प्रत्येक पोत्याला दोन गाठी मारू लागलात. मिलचे लोक चेष्टा करायचे, "काऊन भाऊ, तांदूळ पळून जाऊन राह्यला का?" तुम्ही हसायचात आणि दुसरी गाठ मारायचात. कळलं असतं तर दुसरी गाठ कशाला मारली असती?

काल डॉक्टरांना परत फोन करून सांगितलं, मी रोज उघडत होते. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलं. आता आठ दिवस विसरून जा." एवढंच. पेटीवर कापड टाकून सुतळीने बांधलंय, तीन वेढे घालून. हिसका मला नीट जमत नाही. आठ दिवसांनी ती खाईल की नाही, माहीत नाही. स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय म्हणजे त्या खोलीकडे पाय वळणार नाहीत.

हा कागद टाकायला टपालपेटी नाही, तेव्हा तो इथेच राहील. पण तुमच्या शेवटच्या आजारातली, दवाखान्यातली ती दुपार लिहून टाकते. तुमची बोटं चादरीचा कोपरा गुंडाळत होती. तीन वेढे, हिसका, मग पुन्हा तीन वेढे. तुम्ही माझ्याकडे पाहून विचारलंत, "सुटन का व?" मी म्हटलं, "नाही सुटणार, बाबा." तेव्हा सांगता आलं असतं. आई चहा आणायला खाली गेली होती, आणि खोलीत आपण दोघंच होतो.