यवनाचा खांब

१२ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
वाचनालयाची मीटिंग. वर्धापनदिन २ फेब्रुवारीला. प्रमुख भाषण माझं, पण अटीवर. अध्यक्ष जयवंताबाई, निवृत्त शिक्षिका, आवाज बारीक पण नजर जड, म्हणाल्या की आजपासून त्या दिवसापर्यंत श्रीपतरावांनी एकाही माणसावर हात टाकायचा नाही. टाकला तर भाषण विलास करेल. विलास बँकेत असतो. भाषण कागदावरून वाचतो. कागद उलटा धरला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

अट अपमानास्पद आहे. गेल्या वर्षी मी सहिष्णुतेवर बोलत असताना साउंडवाल्या प्रवीणला माइकचा स्टँड लागला, हे खरं. पण त्याने माइक मध्येच बंद केला होता. त्याच्या आदल्या वर्षीची खुर्ची मी फेकली नव्हती. हातातून सुटली, आणि ज्या दिशेने सुटली तिकडे माणसं होती.

अट मान्य केली. यंदाचा विषय मैत्री. तीन आठवडे म्हणजे काहीच नाही.

१३ जानेवारी, सोमवार.
पहिला दिवस, संपूर्ण शांततेत. खोपोलीला जाताना कंपनीच्या बसमध्ये एकाने माझा पाय तुडवला. हसलो. हसू जड गेलं, पण हसलो. घरी येऊन मिक्सर फोडला. मिक्सर माणसात मोडत नाही. बायको भाग्यश्री म्हणाली, आता चटणी पाट्यावर तुम्हीच वाटा. वाटली. वरवंट्याचा टवका उडाला.

१५ जानेवारी, बुधवार.
मोटरसायकल सुरू होईना. डावा आरसा तोडला. मग उजवाही, एकटा वाईट दिसत होता म्हणून.

१६ जानेवारी, गुरुवार.
चिंतन. राग ही ऊर्जा आहे. मोठी माणसं ती समाजाकडे वळवतात. माझी सध्या सामानाकडे वळली आहे, तात्पुरती. भाग्यश्रीने काचेची भांडी पोशीरला माहेरी नेऊन ठेवली. लेकीला, मनालीलाही तिथेच ठेवलं. दहावीचा अभ्यास तिकडे चांगला होतो म्हणे. आमच्याकडे काय वाईट होतो? एवढंच विचारलं. दाराची कडी हातात आली.

१८ जानेवारी, शनिवार.
उद्या सुट्टी. भाषणाआधी मन थंड पाहिजे. मिलिंद आणि राजेशला लेणं दाखवायला नेणार. दोघं शाळेपासूनचे मित्र. मिलिंद वायरमन, चष्मा जाड, बोलणं कमी. राजेश कडावचा, भातशेती आणि दूध.

लेणं ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाला डोंगरात आहे. चार खांब, तीन पडलेले. उभा आहे तो यवनाने दिलेला, हे माझं संशोधन. यवन म्हणजे ग्रीक. कार्ल्याच्या लेण्यात यवनांनी खांब दिल्याचं दगडात कोरलेलं आहे. कार्लं घाटाच्या वर, आपण खाली. समुद्राकडून आलेला ग्रीक घाट चढण्याआधी दम खायला कुठे थांबणार? आमच्या लेण्यात अक्षरही कोरलेलं नाही, असा आक्षेप येईल. नम्र माणूस नाव कोरत नाही.

लोक विमानाने ग्रीसला जातात, पडके खांब बघायला. आपला खांब दुधाच्या टेंपोने गाठता येतो. भाषणाची सुरुवातही तीच: परका माणूस आला आणि मैत्रीचा खांब उभा करून गेला.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ७.
निघालो. मिलिंदने भाकरी आणि सुकट आणली, राजेशने ताकाचा कॅन. टेंपोत मी ग्रीकांविषयी बोलत असताना राजेशने गाणी लावली. टेप आता बंद आहे. कायमचा.

सकाळी १०.४०.
लेण्यात. चपला बाहेर. आधी वंदना केली. आत गार, खांब त्याहून गार. हात लावला तर अंगावर काटा आला. पस्तीस मिनिटं बोललो. आवाज छान घुमतो. राजेश झोपला. उठवला. हाताने नाही, ताकाने.

दुपारी १. डाव्या हाताने लिहितो आहे.
जे घडलं ते निःपक्षपातीपणे नोंदवतो.

मिलिंदने खांबाला चष्मा जवळजवळ टेकवून पाहिलं. म्हणाला की छिन्नीचे घाव भिंतीवर आहेत तेच खांबावर आहेत, तेव्हा खांब यवनाचा नाही, इथल्याच पाथरवटाचा आहे. मी शांतपणे सांगितलं की मिलिंद हे नावच यवन राजाचं. असं नाव लावणाऱ्याने यवन नाकारणं हा कृतघ्नपणा आहे. तो म्हणाला, नाव आजीने ठेवलंय, तिला विचार. आजी वारली आहे. हा वाद घालण्याचा प्रकार नव्हे.

मग मी भाषणाची तालीम सुरू केली. मैत्रीवरच्या चौथ्या वाक्याला त्याने अडवलं.

"श्रीपत, एक सांगू काय? तुझं भाषन आयकाया कोन येत नाय रं. यंदा तू कोनाला मारतोस, त्ये बघाया येतात."

मी हात उगारला नाही. हात गेला. मिलिंद खाली बसला. मागे खांब होता. काडकन आवाज झाला तो खांबाचा नव्हता. दोन हजार वर्षं उभा आहे, केसभरही हलला नाही. राजेश हसला. त्याला लाथ बसली ती माझा तोल गेल्यामुळे. तो कॅनवर पडला, कपाळ फुटलं. ताक आणि रक्त एकाच उताराने वाहत होतं. मिलिंदने स्वतःचा शर्ट फाडून माझा हात बांधला, उरलेल्या बाहीने राजेशचं कपाळ. मग मला भाकरी भरवली. मी त्याच्याशी बोललो नाही.

२० जानेवारी, सोमवार.
दोन हाडं मोडली. प्लास्टर कोपरापर्यंत. डॉक्टरांनी विचारलं कशाने. पुरातन वास्तूमुळे, असं सांगितलं.

२२ जानेवारी, बुधवार.
समितीने बोलावलं. प्रश्न असा की खांब माणसात धरायचा का. मी पाऊण तास बोललो. जयवंताबाईंनी मला थांबवून राजेशला विचारलं की कपाळाला चार टाके कसे. राजेश म्हणाला, ताकाचा कॅन लागला. मिलिंदला विचारलं, तुमच्यावर हात उगारला का. तो म्हणाला, मी चप्पल घालाया वाकलो व्हतो, मला काय दिसलं नाय.

चपला तर लेण्याबाहेर होत्या. पण मुद्दा तो नाही. बाई दोघांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, भाषण श्रीपतरावच करतील. विलासने कागद घडी घालून खिशात ठेवला. अखेर युक्तिवाद जिंकला.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.
आज मिलिंदचं म्हणणं खोडून काढायचं आहे. आवाज चढवणार नाही. टेबलावर हात आपटणार नाही. आपटायला हातही नाही. लोक शब्दांसाठीच थांबतील. मनालीला निरोप पाठवला आहे. पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवली.

संध्याकाळ.
मंडप भरलेला. पुढची पोरं मोबाइल उंचावून तयार. प्रवीण हेल्मेट घालून साउंडवर बसला होता. मी हळू आवाजात सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला मोबाइल खाली गेले. दहाव्याला खुर्च्या सरकल्या. पंधराव्याला अर्धा मंडप भेळेच्या गाडीवर होता. प्रवीणने हेल्मेट काढलं. मनालीची खुर्ची रिकामीच होती, तिच्यावर कुणीतरी पिशवी ठेवली होती. मी मैत्रीबद्दल बोलतच होतो. एक वाक्य दोनदा म्हटलं.

तेवढ्यात समोरून मिलिंद उठून ओरडला.

"खांब यवनाचा नाय. इथल्याच पाथरवटाचा हाय. हा मानूस तीन आठवडे थापा मारतोय."

भेळेच्या गाडीवरचे मागे वळले. मोबाइल वर. मी पायऱ्या उतरलो. डावा हात चालवला. गालावर पूर्ण बसला. खांबापेक्षा बराच मऊ. लोक खुर्च्यांवर चढले. एवढ्या टाळ्या मला आयुष्यात पडल्या नाहीत. परत वर जाऊन भाषण पूर्ण केलं. एकही माणूस हलला नाही. शेवटच्या शब्दापर्यंत.

भाषण गाजलं. मिलिंद साफ चुकला.

३ फेब्रुवारी, सोमवार.
पुढल्या वर्षी विलास. बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे. मनाली परीक्षा झाल्यावरही पोशीरलाच राहणार, असं भाग्यश्री म्हणाली. मिक्सर नवा आणला होता. त्याला हात लावला नाही.

क्लिप सगळ्यांकडे फिरते आहे. अकरा सेकंदांची. त्यात माझा एकही शब्द नाही. दिवसभर बघतो आहे. मी पायऱ्यांवर दिसतो त्याच्या आधी, डाव्या कोपऱ्यात मिलिंद चष्मा काढतो, घडी करून राजेशच्या हातात देतो, आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहतो. या वेळी खाली बसत नाही.