ऑर्व्हिलची शिंगे, माझे सुळे

मी, आर्डिस मे लुंडक्विस्ट, वय पंचाहत्तर, राहणार कोल्ड फोर्क, वायोमिंग, आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत असे वकिलाने सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल असा एकच माणूस होता, माझा नवरा ऑर्व्हिल. तो नऊ वर्षांपूर्वी वारला, आणि हयातीत त्यालाही ते कधी जमले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी नणंदेवर रागावलेली असताना केले होते, ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, मागची शेड आणि शेडमधली सर्व हत्यारे माझा मुलगा ड्वेन याला द्यावीत. करवत ऑर्व्हिलने शेजारच्या हेझेलकडून आणली होती आणि परत करायची राहिली, ती हेझेलला द्यावी. हेझेल, तू साक्षीदार म्हणून हे वाचशीलच. एकोणीस वर्षे तू कुंपणावरून त्या करवतीकडे बघत होतीस आणि मी तुला हवापाण्याच्या गप्पांत गुंतवत होते, ते मुद्दाम होते.

कलम २. बँकेतली शिल्लक माझी मुलगी लॉरेटा हिला. तसेच फ्रीझरमधले सर्व मांसही तिलाच. ती डेन्व्हरला गेल्यापासून पालेभाजीवर जगते हे मला ठाऊक आहे. पण आईच्या शेवटच्या इच्छेला नाही म्हणताना तिचा चेहरा कसा होतो ते कोणीतरी बघून ठेवावे.

कलम ३. काचेचे मोठे भांडे, झाकणासह, माझी नणंद फर्न हिला द्यावे. हे भांडे तिचेच आहे. गेली बावीस वर्षे ती हे म्हणत होती आणि गेली बावीस वर्षे मी नाही म्हणत होते. ती खरे बोलत होती. एवढ्यावर तिने समाधान मानावे, कारण पुढची दोन कलमे वाचून तिला बसायला खुर्ची लागेल.

कलम ४. आता शिंगे. गसच्या बारमध्ये काउंटरच्या वर जी एल्कची, म्हणजे इथल्या थोरल्या हरणाची, शिंगे आहेत, दोन्हीकडे सहा-सहा फाटे असलेली, ती आमची आहेत. खाली पितळेची पाटी आहे: "ऑर्व्हिल लुंडक्विस्ट, ऑक्टोबर १९७६." त्या शिंगांखाली बसून ऑर्व्हिलने चाळीस वर्षे त्या शिकारीची गोष्ट सांगितली. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला सांगताना त्याने तो एल्क दोनशे यार्डांवरून पाडला होता. पंचविसाव्याला चारशेवरून. मरायच्या वर्षी सहाशे यार्ड झाले होते, समोरून वारा होता आणि सूर्य डोळ्यांवर होता. मी प्रत्येक वेळी तोंडाला कुलूप लावून त्याच्या शेजारी बसले.

खरे अंतर ऐंशी पावले होते. वारा नव्हता. आणि गोळी मी झाडली.

कलम ५. बाहेरच्यांसाठी सांगते. एल्कच्या वरच्या जबड्यात दोन सुळे असतात, हस्तिदंतासारखे. आमच्याकडची रीत अशी की शिंगे भिंतीवर कोणाच्याही नावाने टांगा, पण सुळे ज्याने मारले त्यानेच आपल्या हाताने उपटायचे आणि त्यानेच ठेवायचे. कोणी घड्याळाच्या साखळीला लावतो, कोणी बायकोला अंगठीत बसवून देतो. त्या एल्कचे सुळे माझ्या बटणांच्या डब्यात आहेत, निळ्या फडक्यात.

घडले ते असे. त्या वर्षी मी सातव्या महिन्यात होते, पोटात ड्वेन. मला शिकारीचा परवाना काढू दिला नव्हता. मी तळावर स्वयंपाकाला गेले होते. सकाळी ऑर्व्हिल म्हणाला, "तू इथेच थांब, मी आलोच," आणि रायफल माझ्याजवळ टेकवून झाडामागे गेला. आदल्या संध्याकाळच्या माझ्या राजम्यामुळे त्याला जरा वेळ लागला. तेवढ्यात कुरणाच्या कडेला तो एल्क येऊन उभा राहिला. मी विचार केला नाही. बार उडाला, पोटात ड्वेनने अशी लाथ मारली की मी मटकन खाली बसले, आणि झाडामागून ऑर्व्हिल पँट घोट्यांशी असताना धावत आला.

सुळे मी उपटले. मी हातमोज्यात ठेवतच होते की शिकारखात्याचा माणूस घोड्यावरून वर आला. "कोणी मारला?" म्हणाला. बिनपरवान्याची मी, हाताला रक्त. ऑर्व्हिल पट्टा बांधत म्हणाला, "मी." एका क्षणाचाही उशीर केला नाही. त्या एका शब्दासाठी मी त्याच्यावर आयुष्यभर प्रेम केले. बाकीच्या सहाशे यार्डांसाठी नाही.

दवाखान्यात शेवटी त्याने माझा हात धरला. "आर्डिस, तू जिवंत असेपर्यंत हे कोणाला सांगू नकोस." मी बरं म्हटले. म्हणून मृत्युपत्रात लिहिते आहे. हे वाचले जाईल तेव्हा मी जिवंत नसेन, म्हणजे वचन पाळले गेले.

आणि लिहिते आहे ते ड्वेनसाठी. तीस मोसम तो डोंगरात जातो आणि तीस मोसम रिकाम्या हाताने येतो. फर्न दर सणाला भरल्या ताटावर त्याला म्हणते, "तुझ्या बापाने सहाशे यार्डांवरून पाडला, आणि तुला साधी एल्कची मादी सापडेना!" सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मान खाली घालून बटाटे खातो. ड्वेन, तुझ्या बापाने एकही एल्क मारला नाही. त्या शिकारीला आपण दोघे होतो, म्हणून दोन सुळ्यांतला एक तुझा. माझ्या पश्चात डब्यातून घे.

येथपर्यंत लिहिले आणि ड्वेन मागच्या दाराने आत आला. आज मोसमाचा शेवटचा दिवस. त्याने हातमोजा काढला आणि माझ्यासमोर टेबलावर दोन सुळे ठेवले. पुढचे सर्व मी घडले तसे उतरवून घेत आहे, कारण त्याने या मृत्युपत्रात बदल झाला.

"मिळाला?" मी विचारले.

"मिळाला."

"कुठे?"

"वरच्या कुरणात."

"मांस कुठंय?"

"अस्वलानं नेलं."

"अख्खं?"

"मोठं होतं अस्वल, आई."

मी चष्मा लावला. सुळे हातात घेतले, उलटेसुलटे केले.

"ड्वेन, हे दोन्ही डावे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन्ही डाव्या बाजूचे. तुझ्या एल्कला उजवा गाल नव्हता का?"

तो खुर्चीत बसला. पलीकडच्या गावातल्या दुकानातून आणले होते. "दुकानदार म्हणाला जोडी आहे," तो म्हणाला. "सहा वाजता गसकडे दाखवणार होतो. फर्न आत्यापण येणारे."

त्या बारमधली अर्धी माणसे डोळे मिटून बोटांनी चाचपून डावा-उजवा सांगतात. ते फर्नच्या देखत त्याला हसले असते, आणि उरलेल्या आयुष्यात त्याला 'दोन डावे' याखेरीज दुसरे नाव उरले नसते. आणि एका घरात शिकारीच्या अशा दोन खोट्या गोष्टी मला झेपणार नव्हत्या. मी कागद त्याच्यापुढे सरकवले. ऑर्व्हिल, वचन मोडले. काय बोलायचे ते भेटल्यावर बोल.

ड्वेन सावकाश वाचतो, शाळेपासून. चौथ्या कलमाला त्याने माझ्याकडे पाहिले. पाचव्याला म्हणाला, "पँट?"

"घोट्यांशी."

तो इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले, आणि मग पुसतच राहिला. मी डबा आणून त्याच्या हातावर उजवा सुळा ठेवला. बराच वेळ त्याने मूठ उघडली नाही.

"आई, मलाही एक सांगायचंय. मला दरवर्षी दिसतो एल्क."

"काय?"

"दिसतो. दुर्बिणीत येतो, उभा राहतो, तोंडातून वाफ निघते. मी रायफलच्या चापावर बोट ठेवतो. मग काढतो."

"का रे?"

"त्याने माझं काय वाकडं केलंय?"

तीस वर्षे मी या मुलासाठी पहाटे उठले. "मग जातोस कशाला रे गाढवा?"

"छान वाटतं तिथं. बाबांना कसं सांगणार होतो? त्यांच्या सहाशे यार्डांपुढे?"

मी त्याचे डोके जवळ घेतले. टक्कल पडायला लागले आहे, माझ्या लक्षातच आले नव्हते. बाबांनाही सांगता आले असते रे, बाबांना तर फार बरे वाटले असते, असे मी म्हणाले. मग आम्ही दोघेही थोडे रडलो, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

सबब पुढील बदल करीत आहे.

कलम ५ मधला उजवा सुळा आज दुपारी तीन वाजता ड्वेनला हातोहात दिला. तो आता माझ्या मालमत्तेत नाही. डावा माझ्याबरोबर मातीत पुरावा. विकत आणलेले दोन डावे सुळे फर्नला तिच्या भांड्यात घालून द्यावेत, काही न सांगता.

बारमधली पाटी काढून माझ्या नावाची लावावी असे मी लिहिणार होते. ड्वेन म्हणाला, "बाबांची राहू दे, आई. ते 'मी' म्हणाले होते ना." ठीक आहे. पाटी राहील.

शेवटचे कलम. या कागदाची अंमलबजावणी करायची कोणी घाई करू नये. पुढच्या ऑक्टोबरात मी ड्वेनबरोबर वरच्या कुरणात जाणार आहे. परवाना काढणार नाही, रायफल नेणार नाही. एल्क येईल, उभा राहील, आम्ही दोघे बघू, आणि तो त्याच्या वाटेने जाईल.

ठिकाण: कोल्ड फोर्क. दिनांक: ३१ ऑक्टोबर २०२४.

सही: आर्डिस मे लुंडक्विस्ट

साक्षीदार १: हेझेल ओट्स. (करवत आजच घेऊन गेली.)

साक्षीदार २: गस पेटिट, बारमालक. (वाचून सही केली. "ऑर्व्हिलने कधी सुळे दाखवले नाहीत, आर्डिस. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण गोष्ट तो छान सांगायचा," असे म्हणाला.)