अंगणातील भेग क्रमांक एक

१५ मार्च, शनिवार, सकाळी ७.१०
वस्तुस्थिती क्रमाने. एक : कोलकात्याच्या न्यू टाउनमधील आमच्या घरापुढच्या काँक्रीटच्या अंगणाला आडवी भेग आहे. दोन : रुंदी बारा मिलिमीटर, लांबी चार मीटर, रेषा आश्चर्यकारकरीत्या सरळ. तीन : कोणा निष्काळजी माणसाने तीत डांबर कोंबले आहे. चार : ३० तारखेला पाडवा. बारा मराठी कुटुंबे येणार. माझ्या पत्नीला, लीनाला, गुढीपुढची रांगोळी याच अंगणात काढायची आहे. गेल्या वर्षीचा पाडवा तिच्या मैत्रिणीकडे, गौरीकडे झाला. गौरीच्या फरशीचे कौतुक लीना अद्याप ऐकते आहे. पाच : दुरुस्ती मी स्वतः करणार. धातूंच्या उष्णताप्रसरणावर पीएच.डी. केलेल्या माणसाला सिमेंट ते काय?

१६ मार्च, रविवार
डांबर खरवडले. सहा तास. पाठ नाराज.
शेजारी काम करणारा, बजबजचा गवंडी श्यामसुंदर कुंपणावरून म्हणाला, डॉक्टरबाबू, ते राहू द्या, ते मुद्दाम ठेवलेले असते. निष्काळजीपणाला 'मुद्दाम' म्हणण्याची ही वृत्ती! कारण लेखी द्या, म्हटले. हसला आणि चहा प्यायला गेला.

१९ मार्च, बुधवार
कॅज्युअल लीव्ह. सर्वांत कडक, तसूभरही न दबणारे ग्राउट (सिमेंटचे भरण) लेव्हल लावून भरले.
अनुजा (इयत्ता नववी, मराठीची आबाळ) म्हणाली की बाबा, ऊन पडला तर काँक्रीट कुठे जाणार? मी 'पडला'चे 'पडले' करून दिले. प्रश्न तेवढा राहून गेला.

२० ते २६ मार्च
ओली पोती. दिवसातून चार वेळा पाणी. 'पाऊल ठेवू नये' अशी सूचना चार भाषांत लावली. लीना दूध आणायला उडी मारून जाते व उडी मारून येते. येताना माझी सूचना पुन्हा वाचते. कौतुक असावे.

२७ मार्च, गुरुवार
पोती काढली. निर्दोष. फोटो गौरीच्या यजमानांना पाठविला.

२८ मार्च, शुक्रवार, दुपारी २.४०
अडतीस अंश. बंदुकीसारखा आवाज. मी भरलेली रेघ शाबूत. दोन्ही बाजूंचे काँक्रीट उचलले जाऊन फुटले. भेगा आता तीन. काँक्रीटचा दर्जाच मुळात सुमार.

२९ मार्च, शनिवार
लीनाने कपाटातून घराचा नकाशा काढला. त्या रेषेवर 'एक्स्पान्शन जॉइंट' असे छापले आहे. उन्हाने काँक्रीट फुगते, त्याला हालचालीसाठी ठेवलेली फट. तिने ते मोठ्याने वाचले. नंतर भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या माझ्या प्रबंधाचे शीर्षकही मोठ्याने वाचले. अनुजाला अकारण खोकला आला.

३० मार्च, रविवार, पाडवा
श्यामसुंदर पहिल्या लोकलने आला. माझे ग्राउट फोडायला त्याला तीन तास लागले. म्हणाला, भरलेय मात्र पक्के, डॉक्टरबाबू. (नोंद : तज्ज्ञाचा अभिप्राय.) कडा बांधायला आठवडा लागेल.
बाराही कुटुंबे गौरीकडे. रांगोळीचा डबा घेऊन लीना आणि अनुजा मायलेकी पुढे गेल्या.
मी निघताना पाहिले, माझ्या सूचनेखाली लीनाच्या अक्षरात पाचवा मजकूर होता. शुद्ध मराठीत :
'पुढच्या पाडव्यापूर्वी या अंगणाला हात कोण लावणार, आपण की श्यामसुंदर? उत्तर आजच द्यावे. लेखी.'