दुसऱ्या नावाचा रकाना

शनिवार, ४ जानेवारी
वाचनालयातल्या सामान्यज्ञान स्पर्धेला गेलो. एकट्याला घेत नाहीत. ग्रंथपाल बाईंनी अर्ज पुढे सरकवला — “संघात दोघं तरी हवेत, काका. दुसरं नाव?” मागे रांग. औषधवाला आणि त्याची मेहुणी, त्यांच्यामागे तीन मास्तर. सगळे माझ्या पेनाकडे बघतायत. दुसऱ्या नावाच्या रकान्यात बायकोचं नाव लिहिलं.

“त्या कुठे आहेत?”

“सर्दी झालीय. पुढच्या शनिवारी येईल.”

सहा वर्षं झाली तिला घर सोडून. नदीपलीकडे बहिणीकडे असते. तोंडातून निघून गेलं, झालं.

नकाशा कचेरीत चौतीस वर्षं काढली, त्यामुळे भूगोल झोपेतही येतो. मंगोलियाची राजधानी, सगळ्यात खोल सरोवर — पेन थांबलं नाही. स्वयंपाकघराच्या प्रश्नांनी बुडवलं. व्हॅनिला कशापासून मिळतो? मी लिहिलं, झाडाच्या सालीपासून. ऑर्किडच्या शेंगा असतात म्हणे. तिसरा नंबर.

रविवार, ५ जानेवारी
सकाळी पावाच्या दुकानात “अर्धा” म्हणालो. दिवसभरातला तेवढाच एक शब्द.

शनिवार, ११ जानेवारी
सर्दी तिच्या छातीत उतरली असं सांगितलं. बाईंनी तिच्यासाठी मधाची बाटली दिली. घरचा मध, त्यांच्या भावाने काढलेला. आता हा खायचा कसा? फडताळात मागे ढकलून ठेवला. चांगला मध वर्षानुवर्षं नासत नाही. म्हणजे बसला माझ्या बोकांडी.

बुधवार, १५ जानेवारी
खाद्यपदार्थांवरचं जाड पुस्तक आणलंय. गाजरं पूर्वी जांभळी होती. टोमॅटो हे फळ. वाचतो आणि मान वर करतो — सांगायला. समोर खुर्ची.

ती होती तेव्हा रोज जेवताना सांगायचो. नद्या, सनावळ्या, कुठला शोध कोणी लावला. एका सकाळी दोन पिशव्या भरून निघाली. भांडण नाही, तंटा नाही. म्हणाली, “तुमच्याकडे सगळ्याची उत्तरं आहेत हो. मी दमले.” तेव्हा वाटलं होतं, चार दिवसांत राग उतरेल. राग असता तर उतरला असता.

शनिवार, १८ जानेवारी
आता गुडघा. दुसरा नंबर.

शनिवार, २५ जानेवारी
पहिला! केशर म्हणजे फुलाचा कुठला भाग, हे बरोबर आलं. त्या जाड पुस्तकाची कृपा. मास्तरांनी हात मिळवले. किती दिवसांनी कोणी माझा हात हातात धरला.

मग बाईंनी सांगितलं, अंतिम फेरी आठ तारखेला, आणि त्या दिवशी संघातले सगळे हजर हवेत, नाहीतर संघ बाद. औषधवाला म्हणाला, “वहिनींना आणाच. गुडघा दुखत असला तर खुर्चीसकट उचलून आणू.” सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन माघार घेत असल्याची चिठ्ठी लिहायला बसलो. तिथे “प्रकृतीच्या कारणास्तव” लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. फाडली.

मंगळवार, २८ जानेवारी
दुपारी फोन वाजला. वाटलं, मुलगी, पण ती शुक्रवारी करते. उचलला.

“मला काय काय झालंय, ते जरा सांगता का?”

सहा वर्षांत हा आवाज चार-पाच वेळा ऐकला असेल. तेही मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी, कामापुरता.

“औषधं आणायला गेले, तर दुकानदार चिठ्ठीवरचं नाव वाचून म्हणतो, गुडघा कसा आहे वहिनी? छाती मोकळी झाली का? मी आपली बघतेय त्याच्या तोंडाकडे. नशीब, अजून मारलं नाहीत मला.”

सगळं सांगून टाकलं. अर्ज, रांग, मध. पलीकडून नाकातून बारीक आवाज — ती हसू दाबते तसा.

“त्या बाईंना खरं सांगा. मग येते.”

“येतेस?”

“येते. नाहीतरी एकदा तुम्हाला भेटायचंच होतं.”

म्हटलं, छानच झालं, आणि लगेच काय काय वाचून यायचं ते सांगायला लागलो — धान्यं, मसाले, भांड्यांचा इतिहास. ती म्हणाली, “बावीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढलीत मी. वाचायचं काय त्यात?”

बुधवार, २९ जानेवारी
बाईंना खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मध मात्र खा आता,” म्हणाल्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी
आली. करडा स्वेटर, केस आखूड केलेत. चांगले दिसतात. सांगितलं नाही.

चारला सुरुवात. शेजारी बसलो, मध्ये एकच कागद. भूगोल मी, बाकीचं ती. दालचिनी म्हणजे साल, काजूची बी फळाच्या बाहेर लटकते — ती हळूच बोलायची, मी लिहायचो. असं कधी बसलोच नव्हतो आम्ही. मधल्या सुट्टीत चहाचे कप घेऊन खिडकीपाशी उभे राहिलो. ती म्हणाली, “अहो, मला तुम्हाला एक —” मी म्हटलं, थांब, गुण बघ, मास्तरांपेक्षा एकाने पुढे आहोत आपण, आता इतिहास आला तर घाबरू नकोस. तिने चहा संपवला.

शेवटचा प्रश्न, दोन गुणांचा. खाण्याच्या वस्तू टिकवायचा पत्र्याचा डबा निघाल्यावर तो उघडायचं खास हत्यार किती वर्षांनी निघालं? पाच, पंधरा की पन्नासच्या आसपास?

“पन्नास,” ती म्हणाली.

“छे. उघडताच येत नाही असा डबा कोण बनवेल?”

“छिन्नी-हातोडीने फोडायचे. आमच्या कोठीतल्या म्हाताऱ्याने सांगितलेलं.”

“कोठीतला म्हातारा म्हणजे काय ज्ञानकोश आहे?”

मी पाच लिहिलं. ती माझ्या हाताकडे बघत होती.

पन्नासच्या आसपास. मास्तरांचं बरोबर आलं. एका गुणाने हरलो.

बसथांब्यापर्यंत सोबत गेलो. सगळ्या वाटेने मीच बोलत होतो — प्रश्न कसा फसवा होता, पर्याय कसे चुकीचे दिले होते. बस आली. पायरीवर चढून ती वळली. वाटलं, आता चिडेल. म्हणाली, “असू दे. बरं वाटलं येऊन.” दार मिटलं. मागच्या काचेतून स्वेटर दिसत होता वळणापर्यंत.

रविवार, ९ फेब्रुवारी
“अर्धा” सुद्धा म्हणालो नाही आज. दुकानदाराला आता माहीत आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी
ती खिडकीपाशी काय सांगत होती?

गुरुवार, १३ फेब्रुवारी
फोन केला. “कशी आहेस?” एवढंच विचारलं आणि गप्प बसलो. कठीण गेलं. पण ती बोलली. मुलीकडे चाललीय, समुद्रापलीकडे, कायमची. दोन तारखेचं विमान. डिसेंबरातच ठरलं होतं. शनिवारी निरोप घ्यायला आली होती.

म्हटलं, खोकी बांधायला येऊ का? म्हणाली, “रविवारी या. सुतळी घेऊन या.”